तीन-दोन आणि तीन-तीनला एकच भाव : दूध संकलन केंद्रातल्या एका सूत्राचं प्रकरण

पारोळा तालुक्यात, बोरी नदीच्या अंगाला असलेल्या एका गावातली ही गोष्ट. गावात दूध संकलन केंद्र आहे. साठ-बासष्ट घरं सकाळ-संध्याकाळ तिथे दूध घालतात. जवळजवळ सगळं गाईचं, दिवसाला साधारण ३४० लिटर. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. कपाशीचे पैसे वर्षातून एकदा येतात, तेही भावाच्या भरवशावर. घरातलं तेल-मीठ, पोरांच्या वह्या आणि सरकी पेंडीचं पोतं या दहा दिवसांच्या पगारावर चालतं. म्हणून त्यातल्या पैशा-पैशाला किंमत आहे.

केंद्राचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवायचं काम माझ्याकडे आहे आणि ज्या सूत्रामुळे घोळ झाला तेही मीच लिहिलेलं होतं. घोळ उघडकीला आला तेव्हा झालेलं सगळं क्रमाने लिहून ठेवलं. कारण अशीच दरपत्रकं अनेक केंद्रांवर चालतात आणि ही चूक कुठेही लाल अक्षरात दिसत नाही.

आधी व्यवस्था समजून घेऊ. दुधाचा भाव दोन गोष्टींवर ठरतो, फॅट आणि एसएनएफ. एसएनएफ म्हणजे दुधातला स्निग्धांश आणि पाणी सोडून उरणारा घन भाग. दूध संघाकडून दरपत्रक येतं. आमच्या दरपत्रकात उभ्या बाजूला फॅट ३.० पासून ५.० पर्यंत, दशांशाच्या पायरीने, म्हणजे २१ ओळी. आडव्या बाजूला एसएनएफ ८.० पासून ९.० पर्यंत, म्हणजे ११ रकाने. जिथे ओळ आणि रकाना मिळतात त्या चौकटीत लिटरचा भाव. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण धरतात. तिथून फॅट एक पॉइंट, म्हणजे ०.१, वर गेला की आमच्याकडे ३० पैसे वाढतात, खाली आला की ३० पैसे कमी होतात.

आधीचा कारकून हे काम कागदावर बोट ठेवून करायचा. मी ते संगणकावर आणलं. सुरुवातीला व्हीलूकअप हे एक्सेलमधलं तक्त्यात शोधणारं सूत्र वापरलं होतं. त्यात कितवा रकाना हवा तो आकडा सूत्रात लिहावा लागतो. तक्त्याच्या मध्ये एखादा रकाना घातला तरी सूत्रातला आकडा तसाच राहतो आणि भाव शेजारच्या रकान्यातून येतो. ते एकदा अनुभवल्यावर मी इंडेक्स आणि मॅच या जोडीकडे वळलो.

इंडेक्सचं काम साधं आहे. त्याला तक्ता द्यायचा, कितवी ओळ आणि कितवा रकाना ते सांगायचं, की तो त्या जागेवरची किंमत काढून देतो. ओळीत काय लिहिलंय याच्याशी त्याला देणंघेणं नसतं, तो फक्त जागा मोजतो. कितवी ओळ हे शोधायचं काम मॅचचं. माझं सूत्र असं होतं (संगणकात ते इंग्रजी अक्षरांतच लिहावं लागतं, इथे उच्चाराप्रमाणे दिलं आहे; ए३:ए२३ हा फॅटचा रकाना, बी२:एल२ ही एसएनएफची रांग, बी३:एल२३ या भावाच्या चौकटी) :

=इंडेक्स(बी३:एल२३, मॅच(फॅट, ए३:ए२३, १), मॅच(एसएनएफ, बी२:एल२, १))

शेवटचा तो १ म्हणजे 'तंतोतंत सापडलं नाही तर त्याच्याहून लहान, पण सगळ्यांत जवळचं घे'. या १ ची कहाणी पुढे येते.

तक्रार

पावसाळा होता. हिरवा चारा भरपूर झाला की दूध वाढतं आणि फॅट उतरतो, त्यामुळे बऱ्याच गाई ३.२ ते ३.६ च्या आसपास खेळत होत्या. एका सकाळी शेजारशेजारच्या दोन बाया एकामागे एक दूध घालून गेल्या. त्यांतली थोरली, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, पावती हातात घेऊन परत आली. शेजारणीची पावतीही तिच्याकडे होती.

"मन्हं फॅट तीन-तीन, तिन्हं तीन-दोन. मंग दोन्हीसले एकच भाव कसा काय रे भाऊ?"

मी पावत्या पाहिल्या. एसएनएफ दोघींचा ८.४. फॅट एकीचा ३.२, दुसरीचा ३.३. भाव पैशापर्यंत सारखा. दरपत्रकाच्या कागदावर पाहिलं तर दोन ओळींत ३० पैशांचा फरक स्पष्ट छापलेला. पडद्यावरच्या तक्त्यातही तोच फरक होता. म्हणजे तक्ता बरोबर होता. सूत्र ३.३ ला ३.२ च्या ओळीत बसवत होतं.

पहिल्यांदा मला वाटलं, संकलनावरच्या मुलाने फॅट टाकताना चूक केली असेल. तसं नव्हतं. मग वाटलं, खरा आकडा ३.२८ वगैरे असेल आणि पडद्यावर ३.३ दिसत असेल. तेही नव्हतं. आमचं यंत्र दशांशाचं एकच घर देतं आणि मुलगा तेच टंकतो. मी स्वतः कोऱ्या चौकटीत ३.३ टंकून पाहिलं. भाव ३.२ चाच.

मग नुसतं मॅच वेगळं काढून चालवलं. ३.० ला १, ३.१ ला २, ३.२ ला ३. ठीक. ३.३ ला पुन्हा ३! ३.४ ला ४, ३.५ ला ५. इथून पुढे प्रत्येक फॅट एकेक ओळ मागे. ४.१ पर्यंत हे असंच चाललं आणि ४.२ ला गाडी अचानक रुळावर आली. ४.२ पासून ५.० पर्यंत सगळं बरोबर. म्हणजे ३.२ आणि ३.३ चा भाव एकच, आणि ४.१ वरून ४.२ ला मात्र एकदम दोन पायऱ्यांची उडी. गाईचं बहुतेक दूध याच ३.३ ते ४.१ च्या पट्ट्यात असतं.

कारण

फॅटचा रकाना मी टंकून भरला नव्हता. पहिल्या चौकटीत ३.० लिहिलं, दुसरीत '=ए३+०.१' आणि ते खाली ओढत नेलं. २१ आकडे टंकायचा कंटाळा केला, खरं तेच लिहितो.

संगणक आकडे अशा मापांत ठेवतो की प्रत्येक माप आधीच्याच्या निम्मं. आपल्या जुन्या मापांची आठवण करा. शेर, त्याचा अर्धा अच्छेर, त्याचा अर्धा पावशेर, मग आतपाव, मग छटाक. या मापांनी अर्धा, पाव, आठवा भाग तंतोतंत मोजता येतो. पण कोणी म्हणालं, शेराचा बरोब्बर दहावा भाग द्या, तर कितीही बारीक माप आणलं तरी किंचित कमी किंवा किंचित जास्तच होणार. संगणकाचं ०.१ च्या बाबतीत हेच होतं. १९८५ साली ठरलेल्या आयईईई ७५४ या मानकाप्रमाणे तो एका आकड्याला ६४ बिटांची जागा देतो आणि त्यात जे सगळ्यांत जवळचं माप बसेल ते ठेवतो. फरक इतका सूक्ष्म असतो की एरवी कोणाचं काही बिघडत नाही.

पण मी तो ०.१ एकावर एक रचत गेलो होतो. प्रत्येक बेरजेला उत्तर पुन्हा जवळच्या मापावर बसवलं जातं. तिसऱ्या बेरजेला तक्त्यातला '३.३' हा टंकलेल्या ३.३ पेक्षा नखाच्या टोकाएवढा मोठा झाला. मॅच विचारतो, ३.३ किंवा त्याहून लहान असं शेवटचं काय आहे? तक्त्यातला ३.३ त्याच्या दृष्टीने मोठा, म्हणून तो एक ओळ वर सरकून ३.२ वर थांबतो.

हे शोधताना सगळ्यांत जास्त वेळ एक्सेलच्या एका सवयीने खाल्ला. '=ए६=३.३' असं विचारलं तर उत्तर 'ट्रू', म्हणजे खरं. '=ए६-३.३' लिहिलं तर उत्तर शून्य. मी दोनदा पाहिलं आणि मान हलवून दुसरीकडे चूक शोधायला गेलो. कारण असं की पडद्यावर दाखवताना आणि बरोबरीचं चिन्ह वापरून तुलना करताना एक्सेल १५ अंकांपर्यंतच पाहतो, आणि वजाबाकीचं उत्तर शून्याच्या अगदी जवळ आलं तर त्याचं शून्य करून टाकतो. मॅच मात्र आतला खरा आकडा बघतो. हे उघडं पाडायला वजाबाकीला कंस घालावा लागतो : '=(ए६-३.३)'. तेव्हा उत्तर आलं ते दशांश चिन्हानंतर पंधरा शून्यं आणि मग ४४४. एवढ्याशा फरकाने आक्काचे लिटरमागे ३० पैसे जात होते.

मी ए६ मध्ये हाताने ३.३ टंकून पाहिलं. ३.३ सुधारला. त्याच्यापासून पुढे जाणारे ३.४, ३.५, ३.६, ३.७ हेही सुधारले. हुश्श म्हणणार तोच ३.८ आणि ३.९ पुन्हा एक ओळ मागे! चूक पुसली गेली नव्हती, जागा बदलून बसली होती. असं ठिगळ लावून थांबलो असतो तर पुढची तक्रार ३.८ फॅटवाल्या घरातून आली असती, किंवा आलीच नसती.

४.२ ला आपोआप बरोबर का झालं? चारच्या वर गेल्यावर त्याच ६४ बिटांतली मापं दुप्पट जाड होतात. तिथे प्रत्येक बेरीज वर बसण्याऐवजी खाली बसू लागते. साठलेली वाढ हळूहळू फिटते, ४.२ ला संपते आणि ४.४ पासून आकडे उलट किंचित लहान होतात. लहान असले की 'त्याहून लहान, पण जवळचं' हा नियम बरोबर ओळ देतो. एसएनएफची रांगही मी तशीच ०.१ मिळवत ओढली होती. तिथे ८.० पासूनच बेरीज खाली बसत असल्याने चूक कधी बाहेर आली नाही. कारण दोन्हीकडे एकच होतं, एका बाजूला पैसे कापले गेले आणि दुसऱ्या बाजूला योगायोगाने वाचले.

ती १ ची कहाणी

सूत्र पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मी मॅचच्या शेवटी १ नव्हे, ० दिला होता. शून्य म्हणजे 'तंतोतंत सापडलं तरच दे'. तेव्हा तक्ताभर '#एन/ए' आला होता. '#एन/ए' म्हणजे सापडलं नाही. तो संगणकाचा प्रामाणिक निरोप होता की टंकलेला ३.३ तुझ्या रकान्यात नाही. मी कारण शोधलं नाही. ० चा १ केला, सगळ्या चौकटी भरल्या आणि मला वाटलं सूत्र दुरुस्त झालं.

तपासलंही होतं, तेही नोंदवतो. ३.० पाहिला, ५.० पाहिला, मधला म्हणून ४.५ पाहिला. तिन्ही बरोबर. दोन टोकं आणि एक मधला, एवढ्याने खात्री होते अशी माझी समजूत होती. तीन-पाच, म्हणजे ज्यावर सगळा भाव उभा आहे तोच आकडा मी तपासला नव्हता.

आणखी एक खूण डोळ्यांसमोर होती. संघ केंद्राला पैसे देतो ते गाडीत गेलेल्या एकत्र दुधाच्या तपासणीवर. केंद्र घरोघरच्या दुधाला वेगळं मोजून पैसे देतं. दोन्हींत बहुतेक वेळा थोडी तूट येते, मापात सांडलवंड होतेच. एक्सेलचं नवीन पत्रक सुरू झाल्यापासून मात्र दर पगाराला थोडी वाढ दिसत होती. केंद्राचं काम पाहणारे नाना म्हणालेही होते, आता हिशेब चोख बसतोय. तूट आली की आपण रात्र रात्र वह्या उलटतो. वाढ आली की वही मिटतो. ती वाढ लोकांच्याच दुधाची होती.

नवीन सूत्र

दुरुस्तीचे दोन सरळ मार्ग होते. एक, फॅटचा रकाना '=राउंड(ए३+०.१, १)' असा करायचा आणि मॅच पुन्हा ० वर आणायचा. राउंड आकड्याला सांगितलेल्या दशांशापर्यंत जवळच्या आकड्यावर बसवतो, त्यामुळे प्रत्येक पायरीला आकडा पुसून स्वच्छ होतो, साठत काही नाही. हा मार्ग पूर्ण बरोबर आहे आणि तक्त्याच्या पायऱ्या असमान असतील, उदाहरणार्थ ३.०, ३.२, ३.५, ४.०, तर हाच वापरावा.

पण आमच्या तक्त्याच्या पायऱ्या समान आहेत. मग ओळ शोधायची तरी कशाला? ती मोजता येते. फॅट पहिल्या ओळीपेक्षा किती दशांश वर आहे, त्यात एक मिळवला की ओळीचा क्रमांक. ३.३ वजा ३.०, गुणिले १०, अधिक १, म्हणजे चौथी ओळ. इंडेक्सला हवी असते ती जागाच. मी हाच मार्ग घेतला :

=इंडेक्स(बी३:एल२३, राउंड((फॅट-ए३)*१०, ०)+१, राउंड((एसएनएफ-बी२)*१०, ०)+१)

इथला राउंड कोणी 'उगाच आहे' म्हणून काढू नये. वजाबाकीचं उत्तरही तेच दोनच्या मापांवरचं असतं, आणि इंडेक्सला अपूर्णांक दिला तर तो पुढचा भाग कापून टाकतो. ३.९९९ दिलं तर तो तिसरी ओळ देतो, चौथी नाही. राउंड काढला तर आक्का पुन्हा पावती घेऊन दारात.

३.० हा आकडा सूत्रात लिहिण्याऐवजी मी ए३ कडे बोट दाखवलं आहे. उद्या म्हशीच्या दुधाचं दरपत्रक लावलं आणि ते ५.५ पासून सुरू झालं, तर सूत्राला हात लावायची गरज नाही.

एक खड्डा मात्र या मार्गावर आहे. फॅट २.९ आला तर ओळीचा क्रमांक शून्य निघतो. इंडेक्सच्या भाषेत शून्यावी ओळ म्हणजे 'काही नाही' असा अर्थ होत नाही, 'अख्खा रकाना' असा होतो. नव्या एक्सेलमध्ये २१ भाव खाली सांडतात, जुन्यात कधी भलताच आकडा दिसतो. २.८ ला क्रमांक उणे होतो आणि '#व्हॅल्यू!' येतो, ५.१ ला तक्त्याबाहेर गेल्याने '#रेफ!' येतो. त्या दोघांची मला काळजी नाही, ते ओरडून सांगतात. गप्प राहणारं शून्य वाईट. म्हणून सूत्राभोवती इफ घातला : फॅट किंवा एसएनएफ तक्त्याबाहेर असेल तर भावाच्या जागी 'तपासा' एवढंच दिसेल आणि पावती निघणार नाही. मुलाने ३.३ च्या जागी ३३ टंकलं तरी तिथेच अडतं.

एक्सलूकअप या एक्सेलच्या नव्या शोधणाऱ्या सूत्राने हे सुटलं असतं का, असं धुळ्याच्या एका मित्राने विचारलं. ते एक्सेलच्या २०२१ च्या आवृत्तीत आहे, केंद्रातला संगणक त्याहून जुना. पण असतं तरी सुटलं नसतं. रकान्यातला आकडाच वेगळा असेल तर कोणतंही शोधणारं सूत्र त्याच्यापाशी अडखळणार.

शेवटी एक पडताळणीचा रकाना जोडला. ज्या क्रमांकावरून भाव काढला, त्याच क्रमांकावरून फॅटच्या रकान्यातला मथळाही काढायचा : '=इंडेक्स(ए३:ए२३, क्रमांक)'. पावतीवर भावाशेजारी तो छापला जातो. दूध घालणाऱ्याला दिसतं की यंत्राने ३.३ सांगितलं आणि भावही ३.३ च्या ओळीतूनच आला. आधी पावतीवर फॅट होता आणि भाव होता, पण भाव कोणत्या ओळीतला ते नव्हतं. आक्काला शेजारणीची पावती मागून आणावी लागली ती म्हणूनच. आणि तक्त्यातल्या सगळ्या २१ गुणिले ११, म्हणजे २३१ चौकटी एकदा कागदाशी ताडून पाहिल्या. दोन संध्याकाळी लागल्या.

पैसे

नवीन पत्रक सुरू होऊन पाच पगार झाले होते. पन्नास दिवसांच्या नोंदी संगणकात होत्याच. जुना भाव एका रकान्यात, नवीन सूत्राचा भाव दुसऱ्यात, फरक तिसऱ्यात. एकूण १७,००० लिटरच्या आसपास दूध, त्यातलं १४,६०० लिटर त्या पट्ट्यातलं. लिटरमागे ३० पैसे धरून रक्कम निघाली ४,३८० रुपये. एकाही घराला जास्त पैसे गेलेले नव्हते, चूक फक्त एका दिशेने होती.

मी कागद नानांपुढे ठेवला. मनात होतं, ते म्हणतील पुढच्या पगारापासून नीट कर, मागचं राहू दे. त्यांनी कागद वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "आक्काले पहिले सांग." केंद्राच्या खात्यात ती वाढ जमा होतीच. सहाव्या पगारात प्रत्येकाच्या पावतीवर 'मागील फरक' म्हणून वेगळी ओळ घातली. आक्काचं रोजचं दूध बारा लिटर, पन्नास दिवसांचा तिचा फरक १८० रुपये झाला. ज्यांनी मधल्या काळात गाय विकून दूध बंद केलं होतं अशी तीन घरं होती. त्यांना घरी जाऊन दिले.

पगाराच्या दिवशी मी चूक कशी झाली ते ओट्यावर सगळ्यांना सांगितलं. बिटांचं सांगितलं नाही, शेर-पावशेराचं सांगितलं. म्हाताऱ्यांना ते लगेच कळलं, कारण छटाकेचं माप त्यांनी हाताळलेलं आहे. कळलं नाही ते पोरांना. एका पोराने आतपाव म्हणजे काय ते विचारलं आणि मग सगळी चर्चा जुन्या मापांवर गेली.

दरपत्रकाचा मोठा कागद आता केंद्राच्या भिंतीवर लावला आहे, दूध मोजायच्या जागेच्या अगदी शेजारी. आक्का दूध घालून झालं की पावती घेऊन तिथे जाते. एक बोट फॅटच्या ओळीवर, दुसरं एसएनएफच्या रकान्यावर, दोन्ही बोटं सरकत सरकत एका चौकटीत येतात. तिथला आकडा पावतीशी मिळाला की पदराच्या टोकाला गाठ मारून घराकडे निघते.